मदत हवी आहे: इरकल लुगड्यांची वाकळ आणि टोपपदराचा पडदा

नमस्कार मंडळी. मी खानापूरची. सासूबाईंची नऊवारी इरकल लुगडी आहेत. अंग सुती, घडीवर थोडं विरलंय, बाकी दणकट. टाकायला जीव होत नाही. म्हणून अंगाची वाकळ शिवायची आणि लाल टोपपदरांचा (इरकलीच्या रेशमी पदरांचा) देवघराला पडदा आणि उशांचे अभ्रे करायचे ठरवलंय.

खरी अडचण पदराची. ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपरा चोळून पाहिला, तर फडकं गुलाबी झालं. मिठाच्या पाण्यात घाला म्हणतात, पण मिठानं सुटणारा रंग पक्का होतो यावर माझा विश्वास नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात ओलसर पडदा भिंतीला टेकला की भिंत रंगणारच. रंग पक्का करायचं द्रव कुणी रेशमी पदरावर वापरलंय का? शिवाय इरकलीत अंगाचा आणि पदराचा ताणा (उभे धागे) एकमेकांत अडकवून जोडलेला असतो. कात्री नेमकी जोडावर चालवू, की बोटभर सुती भाग पदराला राहू देऊ? मला दुसरं बरं वाटतं, कारण शिवणीला धरायला कापड मिळतं.

वाकळीला चार थर घेतलेत. पायमशीनवर १६ नंबरची सुई मधे छान चालते, काठावर मात्र टाका सोडते. १८ नंबर लावू, की काठ हातानंच धावदोऱ्यानं घालू?

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकर घरातलं कुणी असेल तर जोडाबद्दल जरूर सांगा. पदर कापायचा थांबले आहे.