मदत हवी आहे: आतेभाऊ जनुक तपासणीला तयार होत नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी. वय ३६, राहायला इंदिरानगर. सल्ला हवाय, थोडा डॉक्टरी, जास्त घरगुती.

वडील ४७व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. आत्याला एक्कावन्नाव्या वर्षी गर्भाशयाचा कॅन्सर झाला, पिशवी काढली, ती वाचली. आजोबा 'पोटात गोळा होऊन' गेले एवढंच ऐकलंय. त्र्यंबकच्या गुरुजींच्या वहीत पाच पिढ्यांची नावं सापडली, पण कोण कशाने गेलं ते काही वहीत लिहीत नाहीत.

यंदा मार्चमध्ये आत्याच्या मुलाचं, म्हणजे दादाचं, आतड्याचं ऑपरेशन झालं. वय ४५. फाइल माझ्याच मांडीवर होती, म्हणून गाठीच्या रिपोर्टातली शेवटची ओळ दिसली: 'एमएसएच-२, एमएसएच-६ : लॉस'. डॉक्टर म्हणाले, डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका ही प्रथिनं दुरुस्त करतात. ती नसली की चुका साचत जातात. घराण्यात लिंच सिंड्रोम (आतड्याच्या, गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा, पिढ्यांतून येणारा जनुकातला दोष) असण्याची दाट शक्यता आहे, आधी दादाच्या रक्ताची जनुक तपासणी करा.

दादा ऐकत नाही. मुलगी २१ची, स्थळं बघणं सुरू आहे. "एकदा कागदावर आलं की पाहुण्यांच्या कानावर जाणारच," म्हणतो. त्याचं अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण मी त्याला सोडून थेट माझीच तपासणी केली तर चालेल का?

प्रतिसाद १

करता येते, पण अर्धवट राहते. तुमच्यात काही सापडलं नाही, तर तुम्ही सुटलात की घराण्यातला दोष त्या तपासणीच्या हाती लागला नाही, हे कळणार नाही. दादांमधला नेमका बदल सापडला की तुमच्यात तेवढाच शोधायचा, मग 'नाही' म्हणजे नाही. आमच्याकडे एमएलएच-१ या अशाच दुरुस्तीच्या जनुकात बदल आहे. माझ्यात आला, धाकट्या बहिणीत नाही. तिची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) सुटली, माझी दर वर्षी. (ते पोट साफ करायचं औषध! असो.)

तोवर तुम्ही थांबू नका. एवढा इतिहास असल्यावर पोटाच्या डॉक्टरांना विचारून कोलोनोस्कोपी करून घ्या. लिंचमध्ये आतड्यात मोड (पॉलिप, आतल्या अस्तरावरची छोटी वाढ) आला तर त्याचा कॅन्सर व्हायला नेहमीसारखी दहा-दहा वर्षं लागत नाहीत.

आणि मुलगी २१ची म्हणालात ना? दादांमध्ये एमएसएच-२चा बदल निघाला तर तिच्यात तो असण्याची शक्यता निम्मी. तो असलेल्यांची कोलोनोस्कोपी २० ते २५व्या वर्षीच सुरू करतात, मग दर एक-दोन वर्षांनी. मोड तिथेच काढून टाकता येतो. तपासणी करायची की नाही हे तिचं ती ठरवेल, पण तिला माहीत तर हवं. दादांशी नको, आधी वहिनींशी बोला.

धागाकर्ता

हे डोक्यातच आलं नव्हतं, मी आपला माझाच विचार करत बसलो. वहिनी रविवारी एकट्या असतात, दादा सातपूरला मित्राकडे जातो. तेव्हाच जातो. रिपोर्टची झेरॉक्स नेऊ का, की नुसतंच बोलू?