अंदमानला चार रात्री: काय बघायचं, काय सोडायचं

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा. नावांच्या जागी घरांचे क्रमांक आहेत.)

सी-१०३: नमस्कार मंडळी. जानेवारीच्या मध्यात आम्ही अंदमानला चाललोय. मी, बायको, लेक (वय ८) आणि आई. आईचे गुडघे कुरकुरतात हे सगळ्यांना ठाऊक आहेच. हातात चार रात्री. टूरवाल्यांनी जो कार्यक्रम पाठवलाय त्यात पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे, बाराटांग, हॅवलॉक, नील असं सगळं कोंबलंय. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा, एवढं झेपेल का?

बी-२०१: दादा, नाही झेपणार. आईंना तर नाहीच.

डी-३०४: झेपतं हो. पुण्याहून एवढ्या लांब जायचं, तर बघून घ्यावं सगळं. पुन्हा कधी जाणं होणार? बाराटांग सोडू नका. चुनखडीच्या गुहा, खारफुटीतून जाणारी बोट, चिखलाचे ज्वालामुखी. असं दुसरीकडे बघायला मिळत नाही.



ए-४०२: मी सविस्तर लिहिते, जरा धीराने वाच.

आधी घड्याळाचं बघ. अंदमानला घड्याळ आपलंच, सूर्य मात्र आपल्या कितीतरी आधी उगवतो. जानेवारीत तिथे सहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. आपल्याकडे तेव्हा लोक ऑफिसातून निघालेलेसुद्धा नसतात. म्हणजे "जेवून, जरा पडून, चारला बाहेर पडू" ही पुण्याची सवय तिथे चालत नाही. चारला निघालात तर तासाभरात अंधार. पहाटे उठायची तयारी असेल तरच दिवस हाती लागतो.

दुसरं बोटींचं. हॅवलॉक पोर्ट ब्लेअरपासून साधारण ४० किलोमीटर. खासगी बोटीने दीड-दोन तास, सरकारीने त्याहून जास्त. त्याच्या आधी धक्क्यावर पोहोचणं, ओळखपत्र दाखवणं, सामान चढवणं. बेट बदललं की अर्धा दिवस गेलाच समज. चार रात्रींत तीन बेटं केलीस तर आईंच्या वाट्याला येतील धक्के आणि प्रतीक्षालयं. समुद्रकिनारा पाच मिनिटं.

म्हणून माझं म्हणणं असं की एकच बेट धर. हॅवलॉक. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मधल्या दोन हॅवलॉक, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र कुणी कितीही सांगितलं तरी बदलू नकोस. हवा बिघडली की बोटी रद्द होतात. आम्ही परत यायच्या दिवशी तसंच झालं होतं. बोट दुसऱ्या दिवशी सकाळी सुटली आणि विमान त्याच्याही पुढच्या दिवशी होतं म्हणून निभावलं. आमच्याबरोबरच्या एका कुटुंबाचं विमान मात्र गेलं.

सी-१०३: काकू, हे फार उपयोगी आहे. पोर्ट ब्लेअरला पहिल्या दिवशी काय करू?

ए-४०२: तुरुंग. घाईने नको, निदान तीन तास ठेव. साप्ताहिक सुट्टीचा वार तेवढा आधी तपासून घे.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मधे एक मनोरा आणि त्यातून सात बाजूंना निघालेल्या तीन-तीन मजली इमारती. त्यातल्या तीनच आज उभ्या आहेत. तिथे उभं राहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते, ती लेकीलाही दाखव. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे आहेत. कुणाला कुणाचा चेहरा दिसू नये म्हणून मुद्दाम तसं बांधलं. कोठडी साधारण साडेतेरा फूट बाय सात फूट आणि झरोका थेट छताजवळ. आत जाऊन कडीची जागा बघ. कडी बाहेरच्या भिंतीत पार लांब कोनाड्यात आहे, आतून हात घातला तरी पोहोचत नाही. मी त्या कडीला हात लावला आणि मला पुढे बोलवेना.

सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. आपण मराठी माणसं तिथे जाऊन नमस्कार करतो, करावाच. पण खाली फलकांवरची बंगालची आणि पंजाबची नावंही थांबून वाचा. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने अन्न घालताना महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा हे तिघे गेले. ही नावं आपल्या मुलांच्या कानावर पडायला हवीत.

संध्याकाळी तिथेच ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो. हिंदीतला खेळ घे, तिकीट आधीच काढ. आईंना बसून बघता येईल. तुरुंगाचे जिने मात्र त्यांना चढायला लावू नकोस. खालचं दालन, तेलाचा घाणा, फाशीघर हे सगळं तळाशीच आहे.

डी-३०४: ताई, तुरुंगाबद्दल बोललात ते अगदी खरं. पण बाराटांगबद्दल मी अजून म्हणतो. लेकीला निसर्ग बघू दे की.

ए-४०२: भाऊ, तुमचं म्हणणं कळतं. पण पहाटे अंधारात निघायचं, चेकनाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी थांबायचं, मग रस्ता, मग बोट, मग गुहेपर्यंत चाल, आणि तसंच परत. अख्खा दिवस. गुडघे दुखणाऱ्या बाईला हे कशाला?

आणि मनापासून सांगू का, मला तो रस्ताच पटत नाही. तो जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्या भागातला रस्ता बंद करायला सांगितलं होतं. फोटो काढायला, थांबायला, खाऊ द्यायला कायद्याने बंदी आहे, तरी गाडीतली माणसं काचेला नाक लावून बसतात. कुणाच्या घरातून असं जाऊ नये. गुहाच बघायच्या असतील तर समुद्रमार्गे जाता येतं का ते विचारा, पण चार रात्रींत नको.

डी-३०४: या बाजूने मी विचार केला नव्हता. आम्ही गेलो तेव्हा गाडीत बरेच जण तेच करत होते. बरं, राहू दे बाराटांग.

बी-२०१: आता हॅवलॉकचं मी सांगते, काकू चालेल ना? पाण्याखालचं माझ्याकडे.

दादा, तू आणि वहिनी स्कूबा (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरणं) करा. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. उतरताना कानावर दाब येतो तेव्हा नाक चिमटीत धरून नाकातूनच हळूच हवा ढकलायची. दुखेपर्यंत थांबायचं नाही, दर थोड्या अंतरावर करत राहायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी डुबकी नको, कानाला इजा होते. दम्याचा किंवा बीपीचा त्रास असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहायचं आणि इथूनच डॉक्टरांना विचारून जायचं. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: स्कूबा आणि विमान यांत पूर्ण एक दिवस हवा. म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा, पाचव्या दिवशी विमान. काकूंच्या आखणीत ते बरोबर बसतंय.

लेकीला समुद्रात स्कूबा नाही मिळणार, साधारणपणे किमान वय १० लागतं. तिला एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) करू दे. मास्क लावताना कपाळावरची एकही बट आत राहू देऊ नका, तेवढ्या फटीतून पाणी शिरतं आणि पोरं घाबरतात. (मिशी असली तरी हाच त्रास, तुझ्यासाठी सांगतेय.) तोंडाने श्वास घ्यायची सवय तिला घरीच करवून घ्या. मास्क लावून बादलीत तोंड घालायचं आणि नळीतून श्वास. चार दिवस केलं की तिथे मजा येते.

प्रवाळावर पाय ठेवायचा नाही हे तिला आधीच समजावून सांग. तो दगड दिसतो, पण जिवंत प्राण्यांची वसाहत असते. पाय पडला की मोडते आणि पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं जातात.

सी-१०३: आणि किनाऱ्यावर पडलेले शंख-शिंपले? तिच्या खोलीत अलिबागचे डबा भरून आहेत.

बी-२०१: तिथले आणायचे नाहीत. मेलेला प्रवाळसुद्धा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ आणि बरेच शंख येतात, विमानतळावर सामान तपासतात. फोटो काढा आणि तिथेच ठेवा.

बी-५०२: आमच्या साहेबांचा प्रश्न: मासे कसे मिळतात?

ए-४०२: उत्तम मिळतात. हॅवलॉकवर बंगाली वस्ती मोठी, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवलं होतं. त्यामुळे मोहरीतला मासा आणि भात अगदी साध्या खानावळीतही चांगला मिळतो. शाकाहारींचीही उपासमार होत नाही. पण आईंसाठी मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी ने, पहाटेच्या बोटीच्या दिवशी नाश्ता मिळेलच असं नाही.

राधानगर राहिलं. दुसऱ्या दिवशी हॅवलॉकला पोहोचलात की जेवून लगेच तिथे जा, तीनच्या आत. हा किनारा आईंना सगळ्यात मानवेल. वाळू पांढरी आणि घट्ट, उतार अगदी सौम्य, मागे उंचच उंच झाडांची सावली. 'टाइम' मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून निवडला होता आणि त्यात जराही अतिशयोक्ती नाही. आईंना सावलीत बसव, तुम्ही पाण्यात जा. जीवरक्षक जिथे उभे असतील त्याच पट्ट्यात. खारफुटीजवळ किंवा ओढ्याच्या मुखाशी पाण्यात उतरू नका, या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. फलक लावलेले असतात, ते पाळा.

सी-१०३: नील मग पूर्ण सोडू?

ए-४०२: या वेळी सोड. छान आहे, पण तिथला खडकांचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो आणि वाट निसरडी. आईंना नाही जमणार. त्याऐवजी चौथ्या दिवशी सकाळच्या बोटीने परत या आणि दुपारी रॉस बघा. पोर्ट ब्लेअरहून छोट्या बोटीने पंधरा-वीस मिनिटं. इंग्रजांचं मुख्य ठाणं होतं ते. आता चर्चच्या आणि बेकरीच्या भिंतींना झाडांची मुळं कवटाळून बसलीत, हरणं मोकळी फिरतात. लेक खूश होईल. चढ आहे, पण बॅटरीवरच्या गाड्या असतात, आईंसाठी ती घ्या.

डी-३०४: तिकिटं काढताना नावं नीट बघा. हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप, रॉस नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही २०१८ ची नावं. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. बोटींच्या तिकिटांवर नवी नावं असतात, आमच्या भाच्याचा गोंधळ उडाला होता. रोख पैसेही जवळ ठेवा. हॅवलॉकला नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत.

सी-१०३: सगळ्यांचे आभार. टूरवाल्यांना आत्ताच फोन करून बाराटांग, नॉर्थ बे आणि नील काढायला सांगतो. शेवटचं एक, आईला एसटीत घाटातसुद्धा मळमळतं. बोटीत काय करू?

बी-२०१: सगळ्यात मागे नको आणि पुढेही नको, मधल्या रांगेत बसव. खालच्या मजल्यावर, तिथे हेलकावे कमी. नजर मोबाइलवर नको, लांब क्षितिजावर. गोळी त्यांच्या बीपीच्या औषधांबरोबर चालते का ते डॉक्टरांना विचार आणि बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी दे. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही.

ए-४०२: आणि रिकाम्या पोटी बसवू नकोस त्यांना. दोन बिस्किटं, आल्याचा तुकडा. आलेपाक मी करून देते, निघायच्या आदल्या दिवशी घेऊन जा.