अनुभव धागा: ऑलिव्हिए उर्फ रशियन सॅलड, कुठे नि कसं खाल्लंत?

मंडळी, थर्टी फर्स्ट जवळ आलाय, आणि रशियात त्या रात्री हे सॅलड हवंच, म्हणून धागा काढतेय. लग्नाच्या बुफेत अननस घातलेलं जे गोडमिट्ट पांढरं सॅलड असतं ते कृपया इथे नको, रशियात किंवा बाहेर कुठे कुणाच्या घरी खाल्लेलं, केलेलं सांगा.

मीच सुरुवात करते. आम्ही मॉस्कोत होतो तेव्हा शेजारच्या आजी तीस तारखेलाच बटाटे-गाजरं सालीसकट उकडून बाल्कनीत ठेवायच्या, फ्रिजमध्ये जागाच नसायची आणि बाहेर उणे पंधरा. दुसऱ्या दिवशी सगळं वाटाण्याएवढं चिरायचं, बटाटा, गाजर, अंडी, कलबासा (म्हणजे तिकडचं सॉसेज), खारवलेली काकडी. मलाही सुरी दिली, माझे तुकडे बघितले, एक अक्षर बोलल्या नाहीत, शांतपणे परत चिरून टाकले :)

---

मी व्होल्गोग्रादला मेडिकलला होतो. होस्टेलवर आम्ही मराठी पोरं कलबासाऐवजी उकडलेलं चिकन टाकायचो कारण कलबासात बीफ-पोर्क दोन्ही असतं, निम्म्यांना हे चालायचं नाही तर निम्म्यांना ते. चार बटाटे, दोन गाजरं, चार अंडी, एक डबा मटार. आणि काकडी व्हिनेगरची नाही हां, मिठाच्या पाण्यात आंबवलेली, शेपू-लसूण घातलेली! तिच्याशिवाय नुसता मेयोनेजमधला बटाटा लागतो. रात्री बाराला टीव्हीवर क्रेमलिनच्या घड्याळाचे टोले पडेपर्यंत थांबायचं म्हणे, आमचं अर्धं पातेलं दहालाच साफ.

---

थोडा इतिहास टाकतो, राहवत नाही. ल्युसियाँ ऑलिव्हिए नावाच्या शेफने 1860च्या दशकात मॉस्कोच्या एर्मिताज रेस्टॉरंटमध्ये हे सुरू केलं. त्यात रानपक्ष्याचं मांस, जीभ, क्रेफिश (गोड्या पाण्यातला छोट्या लॉबस्टरसारखा प्राणी) असा श्रीमंती मामला, सॉसची कृती त्याने कुणाला सांगितली नाही. 1917च्या क्रांतीनंतर ते जिन्नस मिळणार कुठून, मग पक्ष्याच्या जागी कलबासा, क्रेफिशच्या लाल रंगाच्या जागी गाजर असं सांगतात. यात घालतात ते 'डॉक्टर' नावाचं कलबासा (डॉक्तरस्काया) 1936चं. म्हणजे आज ज्याला पारंपरिक म्हणतो ते सोव्हिएत किचनमधलं, मूळ पदार्थाशी नावापुरतं नातं. मला तरी हेच जास्त आवडतं.

---

माझी जाऊ रशियन आहे. तिची आई सांगते की सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्या काळात मटाराचा डबा आणि मेयोनेज दिसलं की लगेच उचलायचं आणि डिसेंबरपर्यंत कपाटात दडवायचं, पोरांनी हात लावला तर खैर नाही. पुण्यात आली की जाऊबाई आपलं एगलेस मेयो चाखून तोंड वाकडं करते, "साखर कशाला?" म्हणते. तिकडचं नेहमीचं मेयोनेज, प्रोव्हांसाल, 67 टक्के फॅटचं, आंबट. मग ती इथे घरीच अंडं, तेल, मोहरी नि लिंबू घालून फेटते. सासूबाई आधी लांबून बघायच्या, आता फेटायला त्याच बसतात.

---

तेहरानला प्रोजेक्टवर होतो, तिकडे पण हेच, सालाद ओलिव्हिये! पण चिकनचं, बटाटा पार कुस्करलेला, लिंबू जास्त, आणि लांब पावात भरून सँडविच. ऑफिसच्या खालच्या दुकानातलं माझं रोजचं लंच. रशियन सहकाऱ्याला दिलं तर म्हणाला चांगलंय, पण ऑलिव्हिए नाही. इराणी अर्थातच चिडले.

---

शाकाहारींसाठी काही आहे का? की नुसतं वाचायचं :(

---

@शाकाहारी, विनेग्रेत करा. बीट, बटाटा, गाजर, खारी काकडी, कांदा, वरून सूर्यफुलाचं कच्चं तेल. अंडं नाही, मेयो नाही, तिकडे चर्चच्या उपासाला पण चालतं. बीट आधी एकटं तेलात घोळवा म्हणजे बाकी सगळं गुलाबी होत नाही.

आणि ऑलिव्हिए करणाऱ्यांनो, सगळ्यात एकदम मेयो कालवू नका, पाणी सुटतं. लागेल तेवढ्यातच घाला, उरलेलं कोरडं फ्रिजमध्ये. एक तारखेला सकाळी उठून तेच खायचं असतं, त्या दिवशी तिकडे कुणी स्वयंपाक करत नाही.