मदत हवी आहे : जानेवारीच्या परिपाठासाठी वेगळे दिनविशेष

नमस्कार मंडळी. वसमत तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सहावी-सातवीच्या परिपाठासाठी जानेवारीचे दिनविशेष जमवतेय.

३ तारखेची सावित्रीमाई, ६ चा दर्पण दिन, १२ च्या जिजाऊ आणि विवेकानंद, हे मुलांना पाठ आहेत. मला त्यापलीकडचं हवंय. ४ जानेवारी हा लुई ब्रेल यांचा जन्मदिवस, जागतिक ब्रेल दिन. त्या दिवशी जाड कागदावर दाभणानं ठिपके पाडून प्रत्येकानं आपलं नाव लिहायचं ठरलंय. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओनं दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिले. १९ तारखेला अमेरिकेत पॉपकॉर्न दिवस असतो. आपण ज्वारीच्या लाह्या फोडू, हुरड्याच्या दिवसांत ते शोभतंही.

अडलंय ते आपल्या भागापाशी. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं, तो नामविस्तार घेतलाच आहे. त्यामागचा लढा अकरा-बारा वर्षांच्या लेकरांना पाच मिनिटांत, काही न लपवता कसा सांगावा? कुणी वर्गात सांगितला असेल तर जरूर लिहा, माझ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

शिवाय मराठवाड्यातल्या माणसांच्या, गावांच्या, धरणांच्या, रेल्वेच्या जानेवारीतल्या तारखा माहीत असतील तर कळवा. मात्र वर्ष आणि तारीख कुठे वाचली तेही सांगा. फिरत आलेले मेसेज नकोत. फळ्यावर लिहिलेलं मुलं खरं मानतात.

आणि २०-३० जानेवारीचा मधला पट्टा २६ सोडला तर रिकामाच आहे, तिथलं काही सुचतंय का?