बी विंगमागचं लॉन: सोसायटी ग्रुप, गुरुवार

भामरे ताई (बी-१०२): नमस्कार. नाव घेत नाही, पण आज पुन्हा पाइप सोडून कुणीतरी पाऊण तास चहाला गेलं होतं. आमच्या नळाला वीस मिनिटं पाणी आणि टँकरचं पाणी लॉनला! हे कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं?

देवरे (ए-४०४): पेव्हर ब्लॉक टाका. एकदाच खर्च.

आहेर, सेक्रेटरी: ताई, लॉन मागच्या कमिटीने लावलं. आम्ही फक्त निस्तरतोय 🙏

निकम सर (सी-२०१): मागच्या कमिटीच्या वेळी ते हिरवं होतं.

आजोबा (बी-२०४): शुभ गुरुवार 🌹 श्री स्वामी समर्थ

शिरसाठ काकू (बी-३०३): भांडू नका हो. पिनट लॉन लावा. भुईमुगाचंच भावंड, मूळचं ब्राझीलचं. मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र मिळतो, युरिया लागत नाही. कापणीही क्वचितच. माझ्या माहेरी पिंपळगावला अंगणात आहे, भाऊ तर विसरूनच गेलाय की ते लावलंय.

जाधव (ए-१०३): शेंगा येतील का काकू? चकण्याची सोय 😄

शिरसाठ काकू: खाण्यासारख्या नाही. तुम्ही आपले विकतच आणा.

पगार (सी-३०२): ओळखीचा नर्सरीवाला वेडेलिया फुकट देतोय. पिनटसारखीच पिवळी फुलं. भराभर पसरतं म्हणाला.

शिरसाठ काकू: नको! जगातल्या १०० उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे ते. तुकडा पडला तिथे मूळ धरतं, मग हटता हटत नाही.

जाधव: थोडक्यात मागची कमिटी 😂

निकम सर: जाधव, हिशोबाची वही माझ्याकडे आहे. तुमच्या मेन्टेनन्सचं पानसुद्धा.

देवरे: पेव्हर ब्लॉक टाका. एकदाच खर्च.

आहेर: कृपया विषयाला धरून बोला. काकू, म्हणजे पाणी बंद करायचं ना?

शिरसाठ काकू: बंद कसं? निवडुंग आहे का ते? रोजचं नको, पण उन्हाळ्यात अधूनमधून द्यावंच लागेल. आणि आत्ता मेमध्ये लावू नका, वाळून जाईल. जूनचे दोन-तीन पाऊस झाले की वीत-वीतभर अंतरावर फांद्या लावा. पहिल्या पावसाळ्यात तण हाताने उपटायचं, एकदा दाट झालं की सुटका. घेताना पान बघा. एका देठाला चार पानं म्हणजे पिनट. फूल छोट्या सूर्यफुलासारखं दिसलं तर वेडेलिया, तसंच परत करा.

जाधव: पोरांचं क्रिकेट?

शिरसाठ काकू: रोज तुडवलं तर टक्कल पडणार. पीच सोडून लावू.

भामरे ताई: तण कोण उपटणार? मी तळमजल्यावर राहते म्हणून मीच का?

आहेर: 👍

भामरे ताई: अंगठा कशाला दाखवताय?

देवरे: माझं मत परत मांडतो. पेव्हर ब्लॉक. एकदाच खर्च.

भामरे ताई: देवरे साहेब, लॉनच्या कोपऱ्यात रात्री पांढरी एमएच १५ उभी असते. कुणाची हो?

(हा मेसेज डिलीट केला आहे)

देवरे: ती तात्पुरती आहे.

निकम सर: दिवाळीपासून.

शिरसाठ काकू: मग त्याच कोपऱ्यापासून सुरुवात करू. गाडी तेवढी लवकर काढा, चाकांखाली माती दगड झाली असेल. लावायच्या आधी खणावी लागेल.

आजोबा: फुलं पूजेला चालतील का?