लसूणघास: डी-स्क्वेअरमध्ये सर्वांत दूर पडलेले दोन नमुने पालक म्हणून घ्यावेत का?

चारापिके_एमएस्सी
लसूणघासाचं गावोगावचं बी गोळा करून चाचणी लावलीय, तुलनेला आरएल-८८ हा वाण. हिरव्या चाऱ्यात जनुकीय विचरण (जनुकांमुळे पडणारा फरक) चांगलं, अनुवंशिकताही (एकूण फरकात जनुकांचा वाटा) जास्त आलीय. डी-स्क्वेअरनं, म्हणजे अनेक गुणांवरून नमुन्यांतलं अंतर मोजून, गट पाडले; त्यांतल्या सर्वांत दूरच्या दोन गटांतले नमुने घेऊन संकर करू म्हटलं, तर गाईड म्हणतात थांब. का?

जुना_पैदासकार
गाईड बरोबर सांगताहेत. महालनोबिसांचं डी-स्क्वेअर किती फरक आहे ते सांगतं, तो फरक कामाचा आहे का ते नाही. जाड काडी आणि कमी पानं, एवढ्यानंही नमुना दूर जाऊन बसतो. आधी गटांच्या सरासऱ्या बघा: पान-खोड प्रमाण, फुटवे, प्रथिनं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घास चतुर्गुणित आहे (गुणसूत्रांचे चार संच, एकूण ३२) आणि परपरागित, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागावर बी धरणारा. एका शेतकऱ्याच्या पिशवीतलं प्रत्येक झाड वेगळं असतं. तुम्ही नमुन्यांच्या सरासऱ्यांची तुलना केलीत, आतलं वैविध्य मोजायचं राहिलं, आणि खरा खजिना तिथेच आहे! दोनच पालकांवर उभं राहिलात तर पुढच्या पिढ्यांत जवळच्या नात्यातलं परागण वाढून जोम उतरतो. म्हणून बरीच चांगली झाडं निवडायची, फाटे लावून त्यांची रोपं करायची, पॉलिक्रॉसमध्ये (निवडलेली झाडं एकत्र लावून आपापसांत मोकळं परागण होऊ देऊन) संततीवरून पारखायची आणि त्यातून सिंथेटिक वाण, म्हणजे अनेक निवडक पालकांच्या एकत्रित बियांचा वाण, बांधायचा.

आणि एका हंगामाच्या, एका ठिकाणच्या अनुवंशिकतेवर फार विसंबू नका. तिच्यात त्या जागेचा, त्या हवेचा वाटा मिसळलेला असतो. उन्हाळ्यातल्या कापण्यांचे आकडे येऊ द्या.

गोठा_नगर
शेतकरी म्हणून सांगतो. आमच्या रानात घास पुढे पुढे मर लागून विरळ होतो. बी धरायला उन्हाळ्याच्या तोंडावर कापणी थांबवतो ते जुन्या वाफ्यातच, तगलेल्या झाडांवर. मधमाशा नसतील तर शेंगा धरतच नाहीत. गोळा केलेल्या बियांत अमरवेल आहे का बघून घ्या, नाहीतर सगळा प्लॉट जाईल.

चारापिके_एमएस्सी
मग जुन्या वाफ्यांतली तगलेली झाडंच निवडली तर?

जुना_पैदासकार
जरूर. फक्त सगळी एकाच रानातली नकोत, ती बहुधा एकमेकांची भावंडं निघतील. आणि तगलेलं झाड कापणीनंतर किती दिवसांत फुटतं ते टिपा. नुसतं जगणारं झाड गोठ्याला पुरत नाही.