‘तारीख येईल तेव्हा येईल’ म्हणणाऱ्या काकांना

नाशिकची आई
काल इथे एका निवृत्त फौजी काकांनी लिहिलं, की हल्लीच्या आईबापांना लष्करातल्या जॉइनिंगची तारीख आधी कळायला हवी असते, म्हणजे पोरांच्या आधी यांनाच ट्रेनिंगला पाठवावं. वर सल्ला असा, की एसएसबीने (लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मुलाखत मंडळाने) शिफारस केली की दुसरीकडे ॲडमिशन घेऊ नका, मुलाचे पाय दोन दगडांवर राहतात. खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून लिहितेय.

काका, एनडीएची (खडकवासल्याच्या लष्करी अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीची) वर्षातली पहिली लेखी एप्रिलमध्ये होते. मग एसएसबी, मग मेडिकल. मेरिट लिस्ट दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि कोर्स जानेवारीत. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंड (राज्याच्या प्रवेश फेऱ्या) मात्र त्याआधीच उरकतात. शिफारस झालेल्या सगळ्यांना जागा मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? २०२२ पासून खडकवासल्यात मुली आहेत, पण त्यांच्या जागा मोजक्याच. माझ्या लेकीची शिफारस झाली आणि मेडिकलला ‘टेम्पररी अनफिट’. कारण काय, तर कानातला मळ! अपील मेडिकलला ४२ दिवसांच्या आत जायचं. तेही झालं, फिट निघाली. आता लिस्टची वाट बघतोय.

होस्टेलचा पुढचा हप्ता भरायचा का? जानेवारीत पुतणीचं लग्न आहे, लेकीचं तिकीट काढायचं का? सासूबाई रोज विचारतात, ‘कधी जायचंय गं हिला?’ आणि पोरगी खोलीचं दार लावून घेते. लिस्टमध्ये नाव आलं नाही तर तिचं वर्ष तुम्ही भरून देणार आहात का?

निवृत्त काका, सातारा
ताई, राग मानू नका. मला पत्र आलं तेव्हा वडील रानात होते. आईने भाकरी बांधून दिली आणि संध्याकाळच्या एसटीने मी निघालो, बेळगावच्या सेंटरला. कुणी तारीख विचारली नाही. पुढे नोकरीत सुट्टी मंजूर होऊन गाडीत बसलेल्या माणसाला परत बोलावलेलं मी पाहिलंय. तुम्ही तारखेसाठी आत्ताच एवढ्या हवालदिल, तर पोस्टिंगच्या वेळी काय कराल?

नाशिकची आई
तुमच्या आईला त्या रात्री झोप लागली का, हे कधी विचारलंत?

पुण्यातले बाबा
काकांशी अर्धा सहमत. पण फीचं काय ते बोला. माझा मुलगा डिसेंबरअखेर कॉलेज सोडून ट्रेनिंगला गेला. कॉलेज म्हणतं फी विसरा, आणि दाखल्यासाठी चार वेळा या. यूजीसीचं (विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाचं) २०१८चं परिपत्रक स्वच्छ सांगतं, मूळ कागद अडकवून ठेवायचे नाहीत. पण फी परत मिळण्याबाबत तेच म्हणतं, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. जानेवारीत जॉइन होणारा पोरगा त्यात बसणार कसा? देशसेवेला जाणाऱ्यांसाठी एक ओळ घालता येत नाही?

नियमवाला
इंजिनिअरिंगचं एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) आणि सीईटी सेल (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) बघतं. उगाच यूजीसी फेकू नका.

पुण्यातले बाबा
माझा मुलगा बीएस्सीला होता. आधी विचारायचं, मग शिकवायचं.

बुलढाण्याचा बाप
तुमचं फीचं वाचून हसू आलं. माझा पोरगा २०२१ मध्ये लष्करातल्या क्लार्कच्या भरतीला उतरला. १६०० मीटर धावणं, बीमवरचे पुल-अप, मेडिकल, सगळं पास. फक्त लेखी राहिली. ती पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. रोज पहाटे चारला उठून पळायचा, वजन वाढू नये म्हणून लग्नकार्यात जेवायचा नाही. १४ जून २०२२ ला अग्निपथ (चार वर्षांसाठी ‘अग्निवीर’ घ्यायची योजना) आलं आणि जुनी भरती बंद. वयाची सवलत दिली, त्या एका वर्षापुरती २३. क्लार्कला आधीपासून २३च होती! ह्याचं वय उलटून गेलेलं. पोरं कोर्टात गेली. १० एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळल्या. निवड प्रक्रियेत असल्याने हक्क तयार होत नाही म्हणे.
तुम्हाला लिस्ट तरी लागते. आम्हाला ‘आता येऊ नको’ असं सांगणारा कागदही नाही आला.

निवृत्त काका, सातारा
इथे राजकारण आणू नका.

बुलढाण्याचा बाप
राजकारण? साहेब, मी पोराचं वय सांगितलं. तुमच्या पेन्शनला कोणी हात लावला असता, तर कळलं असतं राजकारण काय असतं.

अग्निवीराची बहीण
माझा भाऊ गेला, नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला. निघायची तारीख शेवटपर्यंत पक्की नव्हती. चार वर्षांनी काय, ते त्याहून अधांतरी. पंचवीस टक्क्यांपर्यंतच पोरं कायम ठेवणार. म्हणून तो सुट्टीत आला की आई लग्नाचा विषय काढतच नाही. काका, ही कुठली शिस्त?

निवृत्त काका, सातारा
पेन्शनवर यायची गरज नव्हती. त्या २०२१च्या पोरांचं वाईट झालं, हे मी आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीतही बोललोय. निदान वयात सूट द्यायला हवी होती. पण त्याचा नाशिकच्या ताईंशी काय संबंध? ताई, घ्या ॲडमिशन. दोन-दोन घ्या. फक्त तासातासाला साइट उघडून पोरीचा जीव खाऊ नका.

नाशिकची आई
परवानगीबद्दल आभार. साइट तिचे बाबा उघडतात, ऑफिसातून. आणि बुलढाण्याचे भाऊ, पोरगा आता काय करतो?

बुलढाण्याचा बाप
अकॅडमीत पोरांना पळवतो. पोलीस भरतीच्या.

पुण्यातले बाबा
चांगलं आहे. पण माझ्या फीबद्दल कोणाला काही माहीत आहे का?